एका चिपचे दोन दावेदार

भोसरी एमआयडीसीत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, आणि दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वारही बहुधा तोच. त्यामुळे आमच्याकडचे अडॅप्टर तपासायचे सगळे रॅक शुक्रवारी सकाळी एकदम, थंड अवस्थेतून सुरू होतात. एरवी ते चालूच असतात, फार तर एखादा रीबूट. ज्या घोळाबद्दल लिहिते आहे, एकाच चिपवर दोन ड्रायव्हरांनी, म्हणजे हार्डवेअरशी बोलणाऱ्या दोन प्रोग्रामांनी, हक्क सांगण्याचा, तो फक्त शुक्रवारी दिसायचा. असा दोष दिसला की संशय आधी विजेवर, मग वायरिंगवर आणि मग जुन्या सप्लायवर जातो. कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, नाव यादीत फार खाली येतं.

आम्ही १२ व्होल्ट, २ अँपिअरचे अडॅप्टर बनवतो, सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना लागतात ते. माल बाहेर जाण्याआधी ते लोडवर तासन्तास चालवून एजिंग करायचं असतं. प्रत्येक एजिंग रॅकवर एक छोटा लिनक्स बोर्ड आणि त्याच्या आय-टू-सी बसवर, म्हणजे चिपांशी बोलायच्या सामाईक तारांवर, आयएनए२१९ चिप बसवलेल्या. ही चिप शंट नावाच्या छोट्या रोधावरचा व्होल्टेज ड्रॉप आणि पुरवठ्याच्या तारेचा (तिलाही बसच म्हणतात) व्होल्टेज मोजते, २६ व्होल्टपर्यंत चालते, आणि दोन अ‍ॅड्रेस पिनांच्या जोडणीवरून तिला सोळा वेगवेगळे पत्ते देता येतात, हेक्स ४० ते ४एफ. म्हणजे एका बसवर सोळा अडॅप्टर. पहिल्या रॅकसाठी चिप बसवलेली तयार मॉड्यूलं बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून आणली होती. त्यांच्या शंटवर ‘आर१००’ छापलेलं असतं, म्हणजे ०.१ ओहम. हा आकडा डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय बसवलंय ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलीत, मायक्रोओहममध्ये, १००००० असा लिहावा लागतो. लिहिलाच नाही तर ड्रायव्हर आपल्या मनाने १० मिलिओहम धरतो आणि करंट दहापट दिसतो. ते आम्ही पहिल्यापासून नीट लिहिलं होतं, त्यामुळे पुढच्या भानगडीत तेवढा एक संशयित कमी होता.

या एका चिपकडून दोघांना दोन वेगळ्या गोष्टी हव्या होत्या. शॉपफ्लोअरवरच्या पडद्याला दर काही सेकंदांनी व्होल्टेज आणि करंट हवा, हद्दीबाहेर गेला की लाल पट्टी. त्याला कर्नलचा एचडब्ल्यूमॉन विभाग उत्तम. पंख्याचा वेग, प्रोसेसरचं तापमान, असल्या संथ गोष्टींवर लक्ष ठेवायलाच तो आहे. फाइल उघडायची, मिलिव्होल्टमध्ये आकडा वाचायचा, झालं. दुसरीकडे एका ग्राहकाने अडॅप्टर चालू होतानाच्या करंटचा आलेख मागितला होता, पहिल्या काही मिलिसेकंदांत तो किती उसळतो ते पाहायला. ते एचडब्ल्यूमॉनच्या आवाक्याबाहेरचं. दर नमुन्याला एक फाइल वाचायची आणि त्यावर टाइमस्टॅम्पही नाही. अशा कामासाठी आयआयओ विभाग आहे. तो २००९ मध्ये २.६.३२ कर्नलच्या स्टेजिंगमध्ये, म्हणजे अजून कच्च्या कोडच्या कोपऱ्यात, आला आणि २०१२ मध्ये ३.५ ला त्याचा गाभा मुख्य भागात गेला. त्यात नमुने बफरमध्ये भरले जातात आणि वेळेसकट हातात येतात. आयएनए२१९ ला १२ बिटांच्या एका रूपांतराला ५३२ मायक्रोसेकंद लागतात, तेव्हा आलेख फार बारीक नव्हे, पण ग्राहकाला पुरेल असा निघतो.

कर्नलमध्ये या चिपसाठी दोन्हीकडे एकेक ड्रायव्हर आहे. एचडब्ल्यूमॉनच्या फाइलीवर कॉपीराइटचं साल २०१२, आयआयओच्या फाइलीवर २०१५. दोघांच्या यादीत आयएनए२१९ ही आहे आणि आयएनए२२६ ही. हे लक्षात घेऊनच मूळ कर्नलच्या के-कॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नल बांधताना काय घ्यायचं ते ठरवणाऱ्या यादीत, आयआयओवाल्याला अट घातलेली आहे: एचडब्ल्यूमॉनवाला निवडला असेल तर हा निवडता येणार नाही. खालच्या मदतीच्या मजकुरातही तेच सांगितलंय.

आमच्या बोर्डाबरोबर आलेल्या कर्नलमध्ये एचडब्ल्यूमॉनवाला मॉड्यूल, म्हणजे चालत्या कर्नलवर चढवता-उतरवता येणारा तुकडा, म्हणून आधीच होता. आलेखाचं काम आल्यावर टीममधल्या एका पोराने आयआयओवाल्याची सी फाइल उचलली आणि कर्नलबाहेर वेगळं मॉड्यूल म्हणून बांधली. बाहेर बांधताना के-कॉन्फिग वाटेत येतच नाही. त्यामुळे कोणी अट मोडली असं झालं नाही, ती आपसूक गळून पडली. त्याच्या टेबलावरच्या बोर्डावर सगळं सुरळीत चालत होतं, कारण तिथे तो एचडब्ल्यूमॉनवाला हाताने काढून मगच आपलं मॉड्यूल चढवत असे.

मग शुक्रवारी सकाळी शिफ्टच्या काकांचा फोन आला.

“मॅडम, तीन नंबरचा रॅक गप्प आहे. पाच नंबरचा पण. बाकीचे बोलतायत.”

“काका, केबल हलवून बघितली का?”

“हलवली, काढली, पुसून परत लावली. मी काय आज कामाला लागलोय का?”

नाशिक फाट्याच्या गर्दीतून वाट काढत भोसरीला पोचले. गप्प रॅकवर बसवरचे पत्ते दाखवणारं आय-टू-सी-डिटेक्ट चालवून पाहिलं तर सोळाच्या सोळा पत्त्यांवर ‘यूयू’. तिथे यूयू दिसणं म्हणजे पत्ता कर्नलमधल्या कुठल्यातरी ड्रायव्हरने घेतलेला आहे. घेतलाय, मग आकडे का नाहीत? सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल उपकरणांची माहिती मांडतो त्या फाइलींत, प्रत्येक आय-टू-सी उपकरणाच्या डिरेक्टरीत ‘ड्रायव्हर’ नावाची एक लिंक असते. बोलणाऱ्या रॅकवर ती एचडब्ल्यूमॉनवाल्याकडे बोट दाखवत होती आणि गप्प रॅकवर आयआयओवाल्याकडे. पडदा मात्र दोन्हीकडे एचडब्ल्यूमॉनच्याच फाइली शोधत बसलेला. सेन्सर शाबूत होते, मोजतही होते, फक्त दुसऱ्या दारातून.

ही लिंक पाहायला दोन सेकंद लागतात. कुठलाही सेन्सर अचानक बेपत्ता झाला की मी आता पहिल्यांदा तीच पाहते, केबल नंतर. काकांना हा क्रम अर्थातच पसंत नाही.

हे घडतं कसं, ते थोडं खोलात सांगायला हवं. बूट होताना कर्नल प्रत्येक उपकरणाची एक ओळख युडेव्हकडे पाठवतो. युडेव्ह हा प्रोग्राम, मॉड्यूल चढवणारी मॉडप्रोब ही कमांड वापरते त्याच लायब्ररीने, एलियासच्या यादीत (कुठली ओळख कुठल्या मॉड्यूलची त्या) ती ओळख कुणाकुणाशी जुळते ते शोधतो. दोन मॉड्यूलं जुळली तर तो निवड करत बसत नाही, दोन्ही लोड करतो. युडेव्हची कामं समांतर चालतात. एसडी कार्डावरून कुठली फाइल आधी वाचून झाली, कुठलं मॉड्यूल आधी उभं राहिलं, एवढ्यावर सगळं ठरतं. जो ड्रायव्हर आधी नोंदला जातो तो बसवरच्या सगळ्या मोकळ्या, जुळणाऱ्या चिप पदरात पाडून घेतो. नुसत्या रीबूटला आमच्याकडे हा क्रम सहसा बदलत नसे. थंड बूटला टायमिंग जरा इकडेतिकडे होई आणि एखादा रॅक उलट बाजूला पडे.

दुसरा ड्रायव्हर मागून येतो तेव्हा काय होतं? काहीही होत नाही, आणि खरा त्रास हाच. आधीच बांधलेल्या उपकरणाकडे ड्रायव्हर कोअर वळत नाही. दुसऱ्याच्या प्रोब, म्हणजे चिप ताब्यात घ्यायच्या, फंक्शनला बोलावणंच जात नाही, मग एरर देणार कोण? कर्नलचा लॉग, डीमेसेज, स्वच्छ. चढलेल्या मॉड्यूलांच्या यादीत, एलएसमॉडमध्ये, दोन्ही मॉड्यूलं हजर, दोन्ही शहाण्यासारखी बसलेली. लॉग वाचून दोष शोधायची सवय असलेल्या माणसाला इथे धागाच मिळत नाही.

याच्या शेजारचा एक प्रकार आहे, त्याच्याशी तुलना केली की आमची अडचण नीट कळते. बॉशच्या सेन्सरांसाठी एसीपीआयमध्ये, म्हणजे पीसीत डिव्हाइस ट्रीच्या जागी असते त्या यादीत, ‘बीओएससी०२००’ ही ओळख वापरली जाते. काही लॅपटॉप-टॅबलेटांत ती बीएमसी१५० घराण्यातल्या अ‍ॅक्सेलरोमीटरची असते, तर आसूसच्या आरओजी अ‍ॅलाय या हातात धरायच्या गेमिंग पीसीत त्याच ओळखीमागे बीएमआय३२३ ही वेगळीच चिप निघते. म्हणजे तिथेही दोन ड्रायव्हर एकाच नावावर दावा सांगतात. पण तिथे चिप निराळ्या आहेत आणि प्रत्येकीत ओळखीचं रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायचा आतला कप्पा, आहे. प्रोबमध्ये ड्रायव्हर ते वाचतो, आकडा अनोळखी निघाला तर ‘हे माझं नव्हे’ असा एरर देऊन बाजूला होतो, आणि कोअर पुढच्याला संधी देतो. भांडण तिथल्या तिथे मिटतं. आमच्याकडे चिप एकच आणि दोन्ही ड्रायव्हर तिला नीट ओळखणारे. आयएनए२१९ मध्ये तर ओळखीचं रजिस्टरही नाही, पण असतं तरी उपयोग नव्हता. दोघांनाही ‘हे माझंच’ असंच उत्तर मिळालं असतं. अशा वेळी निकाल कोडमधून निघत नाही, माणसांनी बसून ठरवावा लागतो.

तोपर्यंत रॅक चालू करणं भाग होतं. सिसएफएसमधल्या ‘अनबाइंड’ फाइलीत उपकरणाचं नाव लिहून एकाकडून चिप सोडवली आणि दुसऱ्याच्या ‘बाइंड’ फाइलीत लिहून त्याला दिली. सोळा पत्त्यांसाठी एक छोटी लूप. मग मॉडप्रोबच्या सेटिंगमध्ये आयआयओवाल्याला ब्लॅकलिस्ट केलं. ब्लॅकलिस्टवर लोकांचा फार भरवसा असतो, पण ती फक्त एलियासवरून आपोआप होणारं लोडिंग थांबवते. कोणी नाव घेऊन मॉडप्रोब केलं की मॉड्यूल बिनदिक्कत चढतं. इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा, वापरत असाल तर तोही नव्याने बांधावा लागतो, नाहीतर जुनीच सेटिंग बूट होत राहते. आणि ड्रायव्हर मॉड्यूल नसून कर्नलमध्येच बांधलेला असेल तर ब्लॅकलिस्टला कोणी विचारत नाही. तिथे कर्नल कमांड लाइनवर ‘इनिटकॉल ब्लॅकलिस्ट’ लिहून त्या ड्रायव्हरचं सुरुवातीचं फंक्शनच गाळावं लागतं. पीसीआय किंवा एसपीआयच्या उपकरणाला ‘ड्रायव्हर ओव्हरराइड’ची सोय असते, तुझा ड्रायव्हर अमुकच असं त्याला सांगता येतं. आमच्या कर्नलमध्ये आय-टू-सीला ती नव्हती.

सोमवारी आम्ही चौघं बसलो. त्या पोराने तोडगा आणला होता: आयआयओवाल्याच्या कोडमध्ये आपल्या कंपनीचं एक खासगी ‘कम्पॅटिबल’ नाव (ज्यावरून ड्रायव्हर चिपशी जुळतो ते) घालायचं आणि डिव्हाइस ट्रीत चिपला ते नाव द्यायचं. मग फक्त आपलाच ड्रायव्हर जुळेल. चाललं असतंही. आमच्या सरांनी नकारार्थी मान हलवली.

“डिव्हाइस ट्रीत बोर्डावर काय बसवलंय ते लिहितात. तू कुठला ड्रायव्हर वापरणार ते नाही. उद्या कर्नल बदललास की तुझं नाव कोणाला कळणार?”

“पण सर, आपला बोर्ड आपलाच आहे ना.”

“आज आहे.”

मला सरांचं पटलं, पण थोड्या वेगळ्या कारणाने. खासगी नावाने भांडण मिटत नाही, फक्त झाकलं जातं. पडद्याला एचडब्ल्यूमॉनच्या फाइली हव्या होत्या त्या हव्याच राहतात. दोन्ही ड्रायव्हर कसेबसे एकत्र चालवावेत असं एक मत होतं, तेही मला धोक्याचं वाटत होतं. दोघंही सुरुवातीला त्याच कॉन्फिगरेशन रजिस्टरात लिहितात, दोघांचं लॉकिंग आपापलं. एका शेताला दोघांनी आळीपाळीने पाणी सोडायचं आणि पाळी कोणाची ते एकमेकांना सांगायचं नाही, असला तो कारभार.

शेवटी प्रश्न असा मांडला: मालक कोण, आणि दुसऱ्याची गरज मालकाकडूनच भागवता येईल का? एचडब्ल्यूमॉनवाल्याला मालक केलं तर आलेख मिळत नाही, आणि त्याच्याकडून बफर काढून घ्यायची सोय नाही. आयआयओवाल्याला मालक केलं तर उलट दिशेचा रस्ता कर्नलमध्ये तयार आहे. ‘आयआयओ-एचडब्ल्यूमॉन’ नावाचा एक छोटा ड्रायव्हर आहे, जो स्वतः चिपला हात लावत नाही. आयआयओच्या चॅनेलांमधून आकडे घेतो आणि एचडब्ल्यूमॉनच्या फाइलींसारखे मांडतो, म्हणजे दोघांमधला पूलच. डिव्हाइस ट्रीमध्ये त्याचा एक नोड लिहायचा आणि कुठल्या चिपची कुठली चॅनेलं हवीत ते सांगायचं. मूळ ड्रायव्हर अजून उभा राहिला नसेल तर हा आपला प्रोब पुढे ढकलतो, त्यामुळे इथे लोड होण्याच्या क्रमाची धास्ती नाही.

मालकी सोडताना एचडब्ल्यूमॉनवाल्याबरोबर काय जातं तेही पाहिलं. आयएनए२१९ ला अलर्ट पिन नाही, तेव्हा हार्डवेअर अलार्म तसाही नव्हता. लाल पट्टीची हद्द पडद्याचा प्रोग्रामच तपासायचा. गमावण्यासारखं काही नव्हतं. एचडब्ल्यूमॉनवाला बिल्डमधून काढला, आयआयओवाला कर्नलच्या झाडात के-कॉन्फिगच्या अटीसकट परत नेला, आणि बाहेरचं मॉड्यूल मोडीत काढलं.

पुलावरून पॉवरचं चॅनेल मात्र मी मुद्दाम नेलं नाही. आयएनए२१९ मध्ये रूपांतर पूर्ण झाल्याची एक खूण बस व्होल्टेजच्या रजिस्टरात असते, आणि पॉवरचं रजिस्टर वाचलं की ती खूण पुसली जाते. आयआयओवाल्याचा बफर भरणारा थ्रेड त्याच खुणेची वाट पाहत असतो. पडद्याने मध्येच पॉवर वाचली की खूण नाहीशी, आणि थ्रेड पुढच्या रूपांतरापर्यंत ताटकळणार. नेमका उसळीच्या क्षणीचा नमुना गेला तर आलेखाला काय अर्थ? शिवाय आयआयओ पॉवर मिलिवॅटमध्ये देतो आणि एचडब्ल्यूमॉन मायक्रोवॅटमध्ये मागतो, तिथे हजारपटीच्या घोळाला आणखी एक दार. पडद्याच्या प्रोग्राममध्ये व्होल्टेज गुणिले करंट करून टाकलं.

तो प्रोग्रामही थोडा सुधारावा लागला. त्यात ‘एचडब्ल्यूमॉन२’ असा क्रमांक कोरलेला होता. हे क्रमांक नोंदणीच्या क्रमाने मिळतात, त्यांच्यावर काही बांधू नये. डिरेक्टरीतली ‘नेम’ फाइल वाचून आपलं उपकरण ओळखायचं असतं. चॅनेलांचे नंबरही पुलावर वेगळे पडतात. एचडब्ल्यूमॉनवाल्याकडे शंट शून्यावर आणि बस एकवर होती, इथे तुम्ही नोडमध्ये ज्या क्रमाने लिहाल तसं.

पुढचा गुरुवार पार पडला, शुक्रवारी सगळे रॅक बोलले. त्यानंतर एका रॅकवर एकाच जागेचा करंट बरोबर दुप्पट दिसायला लागला. जवळजवळ दुप्पट नव्हे, अगदी दुप्पट. अ‍ॅनालॉग बिघाड इतका हिशेबी नसतो. शंटचा व्होल्टेज वाचला तर तो बरोबर होता. म्हणजे मोजणी ठीक, गुणाकार चुकतोय. या चिपमध्ये करंटचं रजिस्टर शंटच्या आकड्याला कॅलिब्रेशन रजिस्टरातल्या आकड्याने गुणून ४०९६ ने भागलं की तयार होतं. ड्रायव्हर तिथे ४०९६ च ठेवतो आणि बाकीचा हिशेब शंटच्या ओहमवरून स्वतः करतो. डीबगएफएसमध्ये रेगमॅपची, म्हणजे चिपच्या रजिस्टरांची, यादी उघडून पाहिली, तिथे ८१९२ होते.

लिहिले कोणी? कर्नलमध्ये तर आता एकच मालक. काकांना विचारलं.

“ते होय! एकेक पीस चेक करायला ती पायथनची स्क्रिप्ट आहे ना, जुनी. आधी चालायची. मध्ये ‘बिझी’ म्हणायला लागली, म्हणून तुमच्या त्या पोराने त्यात एक शब्द घातला. तेव्हापासून परत चालते.”

तो शब्द म्हणजे ‘फोर्स’. यूझरस्पेसमधून, म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्राममधून, आय-टू-सीचा पत्ता धरायला गेलं आणि तो ड्रायव्हरकडे असेल तर कर्नल ‘बिझी’ म्हणून अडवतो. फोर्स दिला की वाट देतो. स्क्रिप्टमध्ये कमी करंटच्या रेंजसाठी कॅलिब्रेशन ८१९२ लिहिलेलं होतं. एचडब्ल्यूमॉनवाल्यात निदान कॅलिब्रेशन शून्य झालं, म्हणजे चिप रीसेट झाली, की ते ओळखून पुन्हा भरण्याची तजवीज आहे. शून्य नसलेला पण चुकीचा आकडा तिथेही पकडला गेला नसता. दोन ड्रायव्हरांचं भांडण सोडवताना आम्ही हा तिसरा दावेदार गृहीतच धरला नव्हता, आणि एक पत्ता धरून बसलेली यूझरस्पेस स्क्रिप्ट ही ड्रायव्हरच असते, फक्त तिची नोंद कुठे नसते.

स्क्रिप्ट काकांच्या कामाची होती, ती बंद करून चालणार नव्हतं. तिला चिपऐवजी आयआयओच्या फाइली वाचायला लावलं आणि आय-टू-सीच्या डिव्हाइस फाइलीची परवानगी यूझरकडून काढून घेतली. काका दोन दिवस नाराज होते, कारण आउटपुटमधला दशांश चिन्हाचा एक आकडा कमी झाला होता. तोही दिला.

आता बिल्डच्या शेवटी एक तपासणी चालते. एलियासच्या यादीत आय-टू-सी आणि डिव्हाइस ट्रीची एकच ओळख दोन मॉड्यूलांकडे दिसली की बिल्ड थांबतं. यूएसबी आणि पीसीआयच्या ओळी मी त्यातून वगळल्या, कारण तिथे अशा जोड्या सरसकट असतात आणि रोज उठून खोटी बोंब कोण ऐकणार.

नव्या रॅकसाठी आयएनए२२६ आणायचं घाटतंय, ३६ व्होल्टपर्यंत मोजणारी. तिला अलर्ट पिन आहे, आणि हद्दीचा अलार्म एचडब्ल्यूमॉनवाला थेट देतो. आलेख त्या रॅकवर नको आहेत. तेव्हा तिथला मालक बदलावा असं माझं मत आहे, सरांना दोन्ही रॅकवर एकच कर्नल हवा आहे. एकाच बिल्डमध्ये दोघांना ठेवायला के-कॉन्फिग देत नाही, त्यामुळे दोन बिल्ड की एक, एवढ्यावर चर्चा अडली आहे.